जुनी ऑडिओ टेस्ट उपकरणं आजच्या कॉम्प्युटरला जोडताना: सांगली-साताऱ्याकडून वारंवार येणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, कराड, सातारा या पट्ट्यातले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे, साउंडवाले आणि कॉलेजच्या लॅबमधली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे तो क्रमांक दिला आहे. कमांडची अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत, पण यंत्राला पाठवताना ती रोमन कॅपिटलमध्ये टाइप करायची.

१. माझ्या यंत्राच्या मागे तीन-चार सॉकेट आहेत. त्यातलं कॉम्प्युटरचं कोणतं?

रुंद, मधे जीभ असलेलं, दोन्ही बाजूंना जाड स्क्रूची बोंडं आणि २४ संपर्क असलेलं सॉकेट म्हणजे जीपीआयबी. एचपीच्या यंत्रावर त्यालाच एचपी-आयबी आणि काही ठिकाणी आयट्रिपलई-४८८ लिहिलेलं असतं. तिन्ही एकच. १९७५ साली हे प्रमाणित झालं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं मोजमापाच्या यंत्रांची हीच भाषा होती. २५ किंवा ९ पिनचं डी आकाराचं सॉकेट बहुधा सिरियल असतं (प्रश्न १२), पण ऑडिओ प्रिसिजन कंपनीच्या यंत्रावर डी आकाराचं दिसलं तर आधी प्रश्न १४ वाचा. नुसते गोल बीएनसी असतील, त्यावर 'मॉनिटर' किंवा 'रेकॉर्डर' लिहिलं असेल, तर ते अ‍ॅनालॉग आउटपुट आहेत. त्यांचाही उपयोग होतो (प्रश्न १५).

२. मीटर समोर दिसतंच की. मग कॉम्प्युटर कशाला?

एकच अ‍ॅम्प्लिफायर, एकच फ्रिक्वेन्सी आणि एकच आकडा हवा असेल तर खरंच गरज नाही. उगाच खर्च करू नका. पण २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत तीस ठिकाणी लेव्हल आणि डिस्टॉर्शन (सिग्नलमध्ये होणारी विकृती) मोजून आलेख काढायचा असेल, तर हाताने अर्धा-पाऊण तास जातो आणि विसाव्या वाचनाला माणूस कंटाळून अंदाज लिहायला लागतो. तेच काम स्क्रिप्ट काही मिनिटांत करते. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आलेख गिऱ्हाइकाच्या हातात ठेवता येतो, हा फायदा वेगळाच.

३. परदेशातून आलेलं जुनं यंत्र घेतलंय. सरळ प्लगला लावून बघू का?

नको. आधी व्होल्टेज सिलेक्टर बघा. अमेरिकेतून आलेलं यंत्र १२० व्होल्टवर लावलेलं असतं आणि आपल्या २३० वर त्याचा फ्यूज उडतो. कुणी 'जाड' फ्यूज टाकून ठेवला असेल तर ट्रान्सफॉर्मर जातो. एचपीच्या त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत फ्यूजच्या घरात एक छोटं सर्किट कार्ड असतं. ते उपसून उलटसुलट बसवलं की १००, १२०, २२० किंवा २४० निवडलं जातं. आपल्याकडे २४० वर ठेवा. २२० ची मर्यादा साधारण २३१ व्होल्टला संपते आणि कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा गावाकडच्या फीडरवर रात्री २४५ सहज दिसतात. व्होल्टेज बदललं की फ्यूजही बदलायचा: २४० ला लागणारा फ्यूज १२० च्या निम्म्याच अँपियरचा असतो.

दुसरी गोष्ट मेन्स फिल्टरमधल्या कागदी कपॅसिटरची. रिफा छापाचे, पारदर्शक पिवळसर आवरणाचे कपॅसिटर वयानुसार तडकतात, त्यात दमट हवा शिरते आणि स्विच चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पांढरा, घाणेरड्या वासाचा धूर येतो. यंत्र जळालं असं वाटतं, पण बहुतेक वेळा तेवढा एक कपॅसिटरच गेलेला असतो. आवरणावर बारीक चिरा दिसल्या तर चालू करण्याआधीच तो काढून त्याच मूल्याचा आणि त्याच सुरक्षा दर्जाचा प्लास्टिक फिल्म कपॅसिटर घाला.

पहिल्यांदा चालू करताना मालिकेत ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

४. यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात. यंत्र खराब आहे का?

बहुतेक वेळा दोष घराच्या वायरिंगमध्ये असतो. मेन्स फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून चासीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर चासी दोन्हींच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. करंट अगदी थोडा असतो, माणसाला झिणझिण्या येतात एवढंच. पण त्याच अवस्थेत लॅपटॉपची यूएसबी केबल जोडली तर तो करंट यूएसबी पोर्टमधून वाट काढतो. 'अ‍ॅडाप्टर लावला आणि लॅपटॉपचं पोर्ट गेलं' या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

मल्टिमीटरने सॉकेटवर तीन वाचनं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. वाई, साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण मधल्या पिनेला मागे वायरच नसते. तिथे फेज-अर्थ वाचन ६०-१२० असं काहीही येतं. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या आणि मगच पुढे वाचा. यंत्र आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर ठेवा, आणि जीपीआयबी केबल दोन्ही बंद असतानाच जोडा.

५. पुरात भिजलेलं ऑसिलेटर आणि मिलिव्होल्टमीटर पडून आहेत. चालू करून बघायला काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत अशी यंत्रं घरोघरी माळ्यावर गेली. कृष्णेचा गाळ बारीक असतो. तो वाळला तरी ट्रान्सफॉर्मरच्या थरांत आणि स्विचच्या वेफरमध्ये बसून राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा ओलावा धरतो.

झाकण काढा. कार्डं आणि चासी स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने धुवा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड हवं, बॅटरीत घालायचं मिळतं तेच चालेल. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मीटरची हलती सुई असलेला भाग मात्र धुवायचा नाही, तो आधी काढून बाजूला ठेवा. मग ६० अंशांच्या आसपास, बल्ब लावलेल्या बंद खोक्यात ट्रान्सफॉर्मर एक-दोन दिवस सुकवा. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) प्रायमरी आणि चासीमधलं इन्सुलेशन बघा. काही मेगओहमच्या खाली असेल तर अजून सुकवा. तरीही वर येत नसेल तर ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करायला द्या. रोटरी स्विचना कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. मोठे इलेक्ट्रोलायटिक बदलाच. त्यानंतर प्रश्न ३ मधला बल्ब.

६. जीपीआयबीसाठी कोणता अ‍ॅडाप्टर घ्यावा?

तीन वाटा आहेत. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा जीपीआयबी-यूएसबी-एचएस किंवा एजिलेंट-कीसाइटचा ८२३५७बी: सगळ्यांत भरवशाचे, विंडोज ११ वर चालतात, जुनी तयार सॉफ्टवेअर यांनाच ओळखतात, आणि नवे घेतले तर महाग. स्वस्तात मिळणारे ८२३५७बी पुष्कळदा नक्कल असतात. चालतात, पण चालले नाहीत तर दाद मागायला जागा नाही.

प्रोलॉजिक्सचा अ‍ॅडाप्टर कॉम्प्युटरला साधं सिरियल पोर्ट म्हणून दिसतो, त्यामुळे वेगळ्या ड्रायव्हरची कटकट नाही आणि लिनक्सवरही चालतो. मात्र जी जुनी सॉफ्टवेअर नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचंच कार्ड मागतात ती याच्यावर चालत नाहीत. तिसरी वाट घरच्या घरी बनवायची. तिच्यासाठी पुढचा प्रश्न.

एक-दोन यंत्रं आणि स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट, एवढंच काम असेल तर दुसरी किंवा तिसरी वाट पुरते. कॉलेजच्या लॅबने पहिलीच घ्यावी. मुलं बदलतात, आणि स्क्रिप्ट लिहिणारा पास होऊन गेला की जुगाड कुणाला कळत नाही.

७. आर्डुइनो नॅनोवर जीपीआयबी अ‍ॅडाप्टर बनतो म्हणतात. खरंच चालतो का?

चालतो. एआर-४८८ नावाचं मुक्त फर्मवेअर आहे, ते प्रोलॉजिक्सच्याच कमांड समजतं. नॅनो म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, तो काही शे रुपयांत मिळतो आणि जीपीआयबीच्या १६ सिग्नल वायर थेट त्याच्या पायांना जोडल्या जातात. कोणता पाय कशाला हे फर्मवेअरच्या मांडणीच्या फाइलमध्ये असतं. इंटरनेटवर दिसलेलं चित्र आणि तुमच्याकडची आवृत्ती वेगळी असू शकते, म्हणून ती फाइल उघडून बघूनच सोल्डर करा.

यात तीन ठिकाणी माणसं अडकतात. नॅनोवर सीएच-३४० चिप असेल तर विंडोजला तिचा ड्रायव्हर लागतो. दुसरं, सॉफ्टवेअरने पोर्ट उघडलं की आर्डुइनो रिसेट होतो आणि बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्राम) दीड-दोन सेकंद खातो, त्या वेळात पाठवलेली कमांड हवेत जाते. पोर्ट उघडल्यावर स्क्रिप्टमध्ये दोन-तीन सेकंद थांबा. तिसरं, नॅनोच्या पायांची ताकद कमी. जीपीआयबीचे ड्रायव्हर ४८ मिलिअँपियर खेचू शकतात, नॅनोचा पाय त्याच्या निम्म्याहूनही कमी. एक-दोन यंत्रं आणि मीटर-दोन मीटर केबलपर्यंत ठीक. त्यापुढे एसएन-७५१६० आणि ७५१६१ हे बफर घाला.

८. २४ पिनचा कनेक्टर कुठे मिळेल? प्रिंटरचा मिळाला, तो बसत नाही.

बसणारच नाही. जुन्या डॉटमॅट्रिक्स प्रिंटरचा सेंट्रॉनिक्स कनेक्टर ३६ संपर्कांचा असतो. जात तीच, लांबी जास्त. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला २४ चाच मागून घ्या. सोपा उपाय म्हणजे तयार जीपीआयबी केबल घेऊन ती मधे कापायची. दोन अ‍ॅडाप्टर होतात.

कापल्यावर रंगांवर विसंबू नका, कंटिन्युटी बघून पिन ठरवा. १ ते ४ आणि १३ ते १६ डेटाच्या, ५ ईओआय, ६ डीएव्ही, ७ एनआरएफडी, ८ एनडीएसी, ९ आयएफसी, १० एसआरक्यू, ११ एटीएन, १७ आरईएन. १२ ही शील्ड, १८ ते २४ ग्राउंड.

स्क्रूही बघून घ्या. काळे स्क्रू मेट्रिक आणि चकचकीत चंदेरी स्क्रू जुन्या इंची आट्यांचे. एकमेकांत जबरदस्तीने फिरवले तर आटे जातात.

९. अ‍ॅडाप्टर दिसतो, पण सॉफ्टवेअर म्हणतं 'यंत्र उत्तर देत नाही'. यंत्र मेलं का?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. स्कॅन करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक पत्त्यावर 'तू कोण' अशी विचारणा पाठवतं: तारांकन, आयडीएन, प्रश्नचिन्ह. ही विचारणा १९८७ च्या सुधारित प्रमाणात आली. त्याआधी आराखडा झालेल्या यंत्राला ती कळतच नाही, ते गप्प बसतं किंवा डिस्प्लेवर एरर दाखवतं. तेव्हा स्कॅनच्या निकालाकडे दुर्लक्ष करून यंत्राच्या मॅन्युअलमधली त्याची स्वतःची कमांड पाठवा आणि समोरचा 'रिमोट' दिवा लागतो का ते बघा. लागला तर जोडणी बरोबर आहे.

नाही लागला तर पत्ता तपासा. पत्ते ० ते ३० असतात. मागे किंवा आत पाच छोटे स्विच असतात, किमती १, २, ४, ८, १६, चालू असलेल्यांची बेरीज म्हणजे पत्ता. काही यंत्रं स्विचचा बदल फक्त चालू होतानाच वाचतात, म्हणून बदलल्यावर बंद-चालू करा. ० आणि २१ शक्यतो टाळा: नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा कंट्रोलर स्वतः ० वर आणि एचपी-एजिलेंटचा २१ वर बसलेला असतो. सहावा-सातवा स्विच 'टॉक ओन्ली' किंवा 'लिसन ओन्ली' असेल तर तो बंद हवा.

१०. एचपी ८९०३बी वरून डिस्टॉर्शनचं एक वाचन घेऊन दाखवा.

या ऑडिओ अ‍ॅनालायझरचा पत्ता कारखान्यातून २८ येतो. तो बदलायचे स्विच झाकणाखाली आहेत. प्रोलॉजिक्स किंवा आर्डुइनो अ‍ॅडाप्टरला आधी सांगायचं: दोन अधिक चिन्हं आणि 'मोड १', दोन अधिक चिन्हं आणि 'अ‍ॅडर २८', दोन अधिक चिन्हं आणि 'ऑटो ०'. दोन अधिक चिन्हांनी सुरू होणारी ओळ अ‍ॅडाप्टरसाठी, बाकी सगळं यंत्रासाठी. ऑटो १ ठेवलं तर प्रत्येक कमांडनंतर अ‍ॅडाप्टर यंत्राला बोलायला लावतो आणि नको तेव्हाचं वाचन पुढच्या वाचनाच्या जागी येऊन बसतं.

मग यंत्राला एकाच ओळीत: एयू (सगळं स्वयंचलित), एफआर१केझेड (१ किलोहर्ट्झ), एपी१व्हीएल (१ व्होल्ट), एम३ (डिस्टॉर्शन), एल२ (८० किलोहर्ट्झ फिल्टर), आरआर (उजव्या डिस्प्लेचं वाचन), टी३ (स्थिर होऊन मोजणं). मधे मोकळी जागा लागत नाही. मग अ‍ॅडाप्टरला 'रीड ईओआय'. उत्तरात अधिक-उणे चिन्ह, दहा आकडे, ई आणि घातांक येतो. डावा डिस्प्ले, म्हणजे फ्रिक्वेन्सी, हवी असेल तर आरआर च्या जागी आरएल.

टी३ मध्ये यंत्र वाचन स्थिर होईपर्यंत थांबतं. २०-३० हर्ट्झला त्याला काही सेकंद लागतात. पायव्हिसाचा (पायथनमधून यंत्रांशी बोलणाऱ्या लायब्ररीचा) टाइमआउट मुळात २ सेकंदांचा आहे, तो १० करा, नाहीतर फक्त खालच्या फ्रिक्वेन्सीलाच एरर येतो आणि माणूस अ‍ॅम्प्लिफायरला दोष देतो. नऊने सुरू होणारा अवाढव्य आकडा आला तर ते वाचन नसून एरर कोड आहे, बहुधा इनपुटला सिग्नलच पोचलेला नसतो. स्क्रिप्टमध्ये असे आकडे गाळा. नाहीतर आलेखाची रेघ छताला जाते.

११. काल चालत होतं, आज सगळी बस गोठली. एकही यंत्र बोलत नाही.

बस म्हणजे सगळ्या यंत्रांना जोडणाऱ्या सामायिक तारा. केबलला लावलेलं पण बंद ठेवलेलं यंत्र शोधा. जीपीआयबीत हातमिळवणीच्या तारा सगळ्यांच्या सामायिक असतात. एकाने खाली ओढून धरली की सगळे थांबतात. नियम असा की जोडलेल्यांपैकी किमान दोन तृतीयांश यंत्रं चालू हवीत. छोट्या बसवर, विशेषतः आर्डुइनोवर, सगळीच चालू ठेवा नाहीतर केबल काढा.

तरी सुटत नसेल तर मल्टिमीटर घ्या. मोकळी तार ३.३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी, कारण प्रत्येक यंत्रात ३ किलोओहम ५ व्होल्टकडे आणि ६.२ किलोओहम ग्राउंडकडे असतो. पिन ७ किंवा ८ (हातमिळवणीच्या तारा) सतत शून्याजवळ असेल तर एकेक यंत्राची केबल काढत जा. ज्याची काढल्यावर तार वर येते, त्याची बफर चिप गेलेली.

एकूण केबल यंत्रांमागे २ मीटर, आणि कसंही करून २० मीटरच्या आत. यंत्रं कंट्रोलर धरून १५ पर्यंत.

१२. सिरियल पोर्टवर काहीच येत नाही किंवा विचित्र अक्षरं येतात.

विचित्र अक्षरं म्हणजे वेग चुकला. ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, इथून सुरुवात करा, मग ४८००, २४००, १२००. काहीच येत नसेल तर केबल सरळ आहे की उलटी ते बघा. ९ पिनमध्ये कॉम्प्युटरच्या बाजूने २ वर येतं, ३ वरून जातं, ५ ग्राउंड. २५ पिनच्या यंत्रावर २ आणि ३ ची अदलाबदल असते आणि ग्राउंड ७ वर. यंत्र हँडशेकची वाट बघत बसत असेल तर त्याच्या बाजूला आरटीएस-सीटीएस एकमेकांना जोडा.

कन्व्हर्टर ठीक आहे का ते कळायला २ आणि ३ शॉर्ट करून टर्मिनलमध्ये टाइप करा. तीच अक्षरं परत दिसली की कन्व्हर्टर निर्दोष. एफटीडीआय चिपचा घ्या. पीएल-२३०३ च्या जुन्या आणि नकली चिपा विंडोज १०-११ चा ड्रायव्हर मुद्दाम नाकारतो. आणि आर्डुइनोसोबत मिळणारी ५ व्होल्टची छोटी पट्टी इथे चालत नाही: खरं सिरियल पोर्ट उणे १२ ते अधिक १२ पर्यंत जातं आणि ती पट्टी जळते.

१३. स्क्रीनवरचा आलेख फोटो न काढता कॉम्प्युटरवर कसा घ्यायचा?

एचपीच्या डायनॅमिक सिग्नल अ‍ॅनालायझरला वाटतं की केबलच्या पलीकडे पेनचा प्लॉटर आहे, आणि ते एचपी-जीएल भाषेत रेघा पाठवतं. केई५एफएक्स जीपीआयबी टूलकिटमधला ७४७० प्लॉटरचा नकली अवतार त्या रेघा पकडून चित्र करून देतो. यंत्रावर प्लॉटरचा पत्ता बहुधा ५ असतो, तो आणि सॉफ्टवेअरमधला पत्ता एकच ठेवा. फ्लॉपीवर विसंबू नका. एचपीची लिफ फॉरमॅटची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमध्ये सहसा उघडत नाही, आणि ड्राइव्हचा रबरी पट्टा आत्तापर्यंत गुळासारखा झालेला असतो.

१४. ऑडिओ प्रिसिजन सिस्टम वन मिळालाय, पण त्याला कार्ड लागतं म्हणे.

लागतं. त्यावरचं एपीआयबी म्हणजे कंपनीची स्वतःची बस, जीपीआयबीशी तिचा संबंध नाही, आणि वरचा कोणताही अ‍ॅडाप्टर तिला चालत नाही. मूळ व्यवस्था आयएसए कार्ड आणि डॉसवरचं सॉफ्टवेअर अशी. डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) सॉफ्टवेअर उघडतं, पण कार्डापर्यंत पोचत नाही. सरळ उपाय: आयएसए स्लॉट असलेला पेंटियम-टू किंवा थ्रीच्या काळातला कॉम्प्युटर. हार्डडिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा, पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर आणि सीमॉस बॅटरी आधीच बदला. काही सिस्टम वन जीपीआयबी ऑप्शनसह आले. तुमच्यावर २४ पिनचं सॉकेट असेल तर तुमचं नशीब. सिस्टम टूला मात्र नंतरचं विंडोजचं सॉफ्टवेअर आणि यूएसबी अ‍ॅडाप्टर आहे, म्हणून विकत घेताना नावात एक की दोन ते नीट वाचा.

१५. माझ्या ऑसिलेटरला आणि डिस्टॉर्शन मीटरला पोर्टच नाही. मग?

एपलॅब, सिस्ट्रॉनिक्स, सायंटिफिक या कंपन्यांची आपल्याकडच्या लॅबमधली बहुतेक यंत्रं अशीच आहेत. इथे साउंड कार्ड कामाला येतं. डिस्टॉर्शन मीटरच्या मागचं मॉनिटर आउटपुट बाहेरच्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या. मीटरने मूळ सूर आधीच गाळलेला असतो, त्यामुळे उरलेल्या हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा फ्रिक्वेन्सी) साउंड कार्डला ठसठशीत दिसतात. विनामूल्य आरईडब्ल्यू सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा स्पेक्ट्रम बघा. दुसरी, तिसरी, पाचवी कोणती जास्त ते मीटरची सुई कधीच सांगत नाही. सुई सांगते किती, स्पेक्ट्रम सांगतो कशामुळे: ५० आणि १०० हर्ट्झची काडी म्हणजे सप्लाय, फक्त विषम हार्मोनिकची रांग म्हणजे बहुधा क्लिपिंग किंवा क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन.

लॅपटॉपचा माइक-हेडफोनचा एकच जॅक यासाठी वापरू नका. तो मोनो असतो आणि त्यावर माइकसाठी डीसी व्होल्टेज असतं. इंटरफेसचा ४८ व्होल्टचा फँटम (माइकला दिलं जाणारं व्होल्टेज) बंद आहे ना, हे आधी बघा. नाहीतर तेच व्होल्टेज ऑसिलेटरच्या आउटपुटमध्ये शिरतं. विंडोजमधली सगळी 'एन्हान्समेंट' बंद करा आणि सॅम्पल रेट विंडोज आणि आरईडब्ल्यूमध्ये एकच ठेवा, वेगळा असेल तर विंडोज मधल्यामधे रूपांतर करतं आणि त्याची घाण तुमच्या मोजमापात येते.

व्होल्टच्या आकड्यांसाठी एकदा कॅलिब्रेट करावं लागतं. ४०० हर्ट्झचा सिग्नल द्या, मल्टिमीटरने अचूक १ व्होल्ट करा, आणि आरईडब्ल्यूला सांगा की हा १ व्होल्ट. १ किलोहर्ट्झ न घेण्याचं कारण साधं आहे: स्वस्त मल्टिमीटरची एसीची हमी बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच असते. त्यानंतर इंटरफेसचा गेन नॉब हलला की कॅलिब्रेशन गेलं. नॉबवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवा.

१६. गणपतीच्या आधी डीजेचे अ‍ॅम्प्लिफायर तपासायचे असतात. स्पीकर आउटपुट साउंड कार्डला देऊ का?

थेट कधीच नाही. ४ ओहमला १००० वॅट म्हणजे ६३ व्होल्ट आरएमएस, शिखर ८९ व्होल्ट. साउंड कार्ड तिथल्या तिथे जाईल. डिव्हायडर करा: ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत आणि खाली १ किलोओहम, सगळे एक टक्क्याचे मेटल फिल्म. इंटरफेसचं इनपुट १० किलोओहम धरलं तर भागाकार १०४, म्हणजे ४०.४ डीबी. ६३ व्होल्टचे ०.६ व्होल्ट होतात. खालच्या १ किलोओहमचा सोल्डर सुटला तर पूर्ण व्होल्टेज पुढे जातं, म्हणून तो आधी ओढून बघा.

हल्लीच्या क्लास-डी आणि ब्रिज केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचं पुष्कळदा एकही स्पीकर टर्मिनल ग्राउंड नसतं. काळ्या टर्मिनलला साउंड कार्डचं ग्राउंड लावलं की अर्धा अ‍ॅम्प्लिफायर शॉर्ट होतो. अशा वेळी दोन डिव्हायडर करा, प्रत्येक टर्मिनलला एक, आणि त्यांची टोकं बॅलन्स्ड इनपुटच्या पिन २ आणि ३ ला द्या. ग्राउंड अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीला. क्लास-डीमध्ये स्विचिंगचा कचराही असतो, त्यामुळे ८९०३बी वर ३० किलोहर्ट्झचा फिल्टर लावल्याशिवाय डिस्टॉर्शनच्या आकड्याला अर्थ नाही.

१७. कॉम्प्युटर जोडला की हम येतो, काढला की जातो.

ग्राउंड लूप. यंत्राचं अर्थ, जीपीआयबीची शील्ड, यूएसबी आणि लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थ असं वर्तुळ तयार झालेलं असतं. पहिला उपाय फुकट आहे: मोजताना चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दुसरा, यूएसबी आयसोलेटर. एडीयूएम-४१६० चिपवरचे स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंतच चालतात. आर्डुइनो आणि प्रोलॉजिक्सला ते पुरतात. ४८० मेगाबिटच्या उपकरणांना एडीयूएम-४१६५ वर्गातला घ्यावा लागतो.

यंत्राची अर्थ पिन तोडणं हा उपाय नाही. हम जातो हे खरं, पण प्रश्न ४ मधले ११५ व्होल्ट चासीवर येतात.

लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर मोजमाप करू नका. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचे १५०, २५०, ३५० हर्ट्झ आलेखात उतरतात आणि अ‍ॅम्प्लिफायरवर खोटा आळ येतो.

१८. जुना अ‍ॅनालायझर ०.०२ टक्के दाखवतो आणि साउंड कार्ड ०.००४. खरं कोणाचं?

दोघांचंही. अ‍ॅनालायझर मूळ सूर गाळून उरलेलं सगळं मोजतो: हार्मोनिक, हम, नॉइज, ८० किलोहर्ट्झपर्यंतचं. सॉफ्टवेअरचा टीएचडी आकडा फक्त हार्मोनिकच्या काड्यांची बेरीज असतो. तुलना करायची तर सॉफ्टवेअरमध्ये 'टीएचडी अधिक एन' (एन म्हणजे नॉइज) निवडा आणि दोन्हीकडे बँडविड्थ सारखी ठेवा. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला साउंड कार्ड २४ किलोहर्ट्झच्या वर काही बघतच नाही, म्हणून १० किलोहर्ट्झची तिसरी हार्मोनिक तिथे गायब असते.

८९०३बी ची स्वतःची मर्यादा ०.०१ टक्के, म्हणजे उणे ८० डीबी आहे. त्याखालचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यावर थेट मोजताच येत नाही, मॉनिटर आउटपुटची युक्ती (प्रश्न १५) तिथेच कामाला येते.

१९. लेव्हल नेहमी ठरावीक डीबीने चुकते.

किती डीबीने, यावरून कारण सांगता येतं. ६ डीबी: जुन्या ऑसिलेटरची पट्टी ६०० ओहमच्या लोडवर आखलेली असते आणि आजच्या उच्च इम्पीडन्सच्या इनपुटवर तो दुप्पट व्होल्टेज देतो. आउटपुटला समांतर ६०० ओहम लावा, म्हणजे ६२० आणि १८ किलोओहम समांतर. २.२ डीबी: एकीकडे डीबीयू (०.७७५ व्होल्ट) आणि दुसरीकडे डीबीव्ही (१ व्होल्ट). सुमारे १ डीबी, आणि तोही फक्त नॉइज मोजताना: जुना मिलिव्होल्टमीटर सरासरी मोजून १.११ ने गुणून आरएमएस दाखवतो. साइन वेव्हला ते बरोबर ठरतं, नॉइजला कमी भरतं.

२०. टेपच्या वॉव-फ्लटर मीटरचं वाचन सॉफ्टवेअरशी जुळत नाही.

वॉव-फ्लटर म्हणजे टेपच्या वेगातली डुगडुग. टेस्ट टेपचा सूर बघा. युरोपीय पद्धतीच्या टेपवर ३१५० हर्ट्झ असतात, अमेरिकी-जपानी पद्धतीच्या टेपवर ३०००. मीटरला ३१५० ची अपेक्षा असताना ३००० दिले की वेगातच ४.८ टक्के चूक दिसते. टेप बरोबर असेल तर दोन्हीकडे 'वेटेड' एकाच वेळी चालू किंवा एकाच वेळी बंद आहे ना, तेवढं बघा.